हृदयाची गोळी, लिव्हरचा आजार आणि पेशीतली वीज

मागच्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले समोरचे काका औषधांची पिशवी घेऊन आले. पिशवीतून एक पट्टी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. "अगं, तू औषधशास्त्र शिकवतेस ना? मग हे सांग. मला आजार लिव्हरचा. डॉक्टरांनी दिलेली ही गोळी हृदयाची. माझा मेहुणा वर्षानुवर्षं हीच गोळी ब्लडप्रेशरसाठी घ्यायचा. काही घोटाळा तर नाही ना?"

पट्टीवर प्रोप्रॅनोलॉल लिहिलेलं होतं. घोटाळा काहीच नव्हता. त्यांना तेव्हा दोन वाक्यांत समजावलं, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, ही गोळी जाऊन बसते, तो हृदयात असतो तसा यकृताच्या पेशीवरही असतो. आणि यकृताच्या पेशीला स्वतःची वीज असते, ॲड्रेनॅलिनसारख्या औषधांनी ती वीज बदलते, हे मी तरुणपणी एका प्रयोगशाळेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. काकांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आधी ॲड्रेनॅलिन. रात्री उशिरा दुचाकीवरून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी चार कुत्री मागे लागली, की छातीत धडधड होते, हात थरथरतात, घसा कोरडा पडतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींमधून ॲड्रेनॅलिन रक्तात आलेलं असतं. हे रसायन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं ते जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने, १९०१ मध्ये. धडधड आपल्याला जाणवते म्हणून ॲड्रेनॅलिन म्हटलं की हृदय आठवतं. पण पळायचं तर स्नायूंना इंधन हवं, आणि इंधनाचं कोठार आहे यकृतात. जेवल्यानंतर जास्तीची साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, भरल्या पोटी साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूंतही ग्लायकोजेन असतं, अगदी यकृतापेक्षा जास्त, पण स्नायू ते रक्तात सोडू शकत नाही. आपल्यापुरतं वापरतो. सगळ्या शरीरासाठी कोठार उघडतं ते मुख्यतः यकृतच. म्हणून ॲड्रेनॅलिनचा निरोप तिथेही पोचावा लागतो.

निरोप घ्यायला पेशीच्या बाहेरच्या आवरणावर रिसेप्टर असतात. दारावरची बेल समजा. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी दाखवलं की ॲड्रेनॅलिनची बेल एकाच जातीची नाही. काही अवयव एका क्रमाने प्रतिसाद देतात, काही वेगळ्या क्रमाने. त्यांनी त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. पुढे त्यांचेही पोटभेद निघाले. यकृताच्या पेशीवर आपल्या कामाचे दोन आहेत, अल्फा-१ आणि बीटा-२. माणसाच्या यकृतात दोन्ही आहेत.

आता वीज. पेशीतली वीज म्हटलं की बहुतेकांना मज्जातंतू आठवतो, टेलिफोनच्या तारेसारखा, इथे टिचकी मारली की तिथे निरोप. यकृताच्या पेशीत असं काही होत नाही. ती ठिणग्या सोडत नाही, धडधडत नाही. तरीही तिच्या आवरणाच्या आतली आणि बाहेरची बाजू यांत कायम विजेचा दाब असतो. आत बाहेरपेक्षा साधारण ३० ते ४० मिलिव्होल्ट ऋण. मज्जातंतूत हाच आकडा ७० च्या आसपास असतो, हृदयाच्या स्नायूत ९० पर्यंत. म्हणजे यकृताचा दाब तुलनेने कमी. पण कमी म्हणून हलका समजू नका. पेशीचं आवरण जेमतेम सात नॅनोमीटर जाड. एवढ्याशा जाडीवर ३५ मिलिव्होल्ट म्हणजे हिशेब केला तर दर मीटरला ५० लाख व्होल्ट होतात.

हा दाब कशाला लागतो? मला वर्गात खडकवासल्याचं उदाहरण द्यावंसं वाटतं. धरणात पाणी उंचावर अडवलेलं असतं. ते पाणी स्वतः काही निरोप देत नाही. पण त्या उंचीच्या जोरावर ते कालव्यातून शहरापर्यंत येतं. पातळी वर असली की ओढ जास्त, खाली गेली की कमी. यकृताच्या पेशीचा ऋण दाब ही अशीच साठवलेली ओढ आहे. आतड्यातून परत आलेले पित्तक्षार पेशी आत ओढून घेते तेव्हा प्रत्येक पित्तक्षाराबरोबर सोडियमचे दोन आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, आत येतात, म्हणजे हिशेबात जास्तीचा धन भार आत येतो. आत ऋण असेल तर तो सहज ओढला जातो. ॲलानिन या अमिनो आम्लाचंही तसंच, तेही सोडियमच्या हाताला धरून आत येतं. यकृताचा मोठा व्यवहार या ओढीवर चालतो.

धरण भरतं कशाने? त्यासाठी पंप आहे. आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पंपामुळे पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या तीसपट साठतं. आवरणात पोटॅशियमसाठी अरुंद वाहिन्या, म्हणजे दारं, असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपतं, आपला धन भार बरोबर नेतं, आणि आत ऋण उरतं. फक्त पोटॅशियमचीच दारं उघडी असती तर आतला दाब ९० मिलिव्होल्टच्या पुढे गेला असता. यकृताच्या पेशीत सोडियम आणि क्लोराइडलाही बऱ्यापैकी वाट मिळते, म्हणून तो ३०-४० वर येऊन थांबतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पोटॅशियमची दारं आणखी उघडली की आतली बाजू जास्त ऋण होणार, ९० च्या दिशेने सरकणार.

हे मोजायचं कसं, ते मी पाहिलंय. काचेची बारीक नळी मधोमध तापवून दोन्हीकडून ओढली की ती ताणून तुटते आणि टोक इतकं सूक्ष्म होतं की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते कुठे संपतं हेच कळत नाही. एक मायक्रॉनपेक्षाही कमी. त्यात पोटॅशियम क्लोराइडचं दाट द्रावण भरायचं, चांदीची तार सोडायची. यकृताची पेशी २० ते ३० मायक्रॉनची, तिच्या आवरणातून हे टोक आत घालायचं आणि पेशी जिवंत राहिली पाहिजे. पडद्यावर रेषा शून्यावर सरळ चाललेली असते. टोक आवरणाला भिडलं की ती जराशी थरथरते. मग एखाद्या सूक्ष्मशा धक्क्यानं ती एकदम खाली कोसळते आणि उणे ३५ च्या आसपास स्थिरावते. त्या क्षणी आपण पेशीच्या आत असतो. पहिल्यांदा रेषा कोसळली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. श्वासाने टेबल हलेल असं वाटत होतं, आणि खरंच हलायचंही. श्रावणात नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळचे प्रयोग आम्ही बंद ठेवायचो. तेव्हा मी पहाटे पाचला यायला लागले, आणि माझ्या चांगल्या नोंदी बहुतेक सगळ्या पहाटेच्याच आहेत.

आणखी एक गोष्ट त्या टोकानं शिकवली. यकृताच्या पेशी एकट्या नसतात. शेजारच्या पेशींना जोडणारे बारीक बोगदे त्यांच्या आवरणांत असतात, कनेक्झिन नावाच्या प्रथिनांचे. जुन्या वाड्यात जसं एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात आतल्या आत जाता यायचं, तसे आयन आणि छोटे रेणू एका पेशीतून दुसरीत जातात. त्यामुळे तुम्ही एका पेशीत टोक घातलं तरी मोजताय ते आळीचा एकत्रित दाब.

आता त्या पेशीभोवतीच्या द्रावात नॉरॲड्रेनॅलिनचे, म्हणजे ॲड्रेनॅलिनच्या जवळच्या भावंडाचे, काही थेंब सोडा. गिनीपिगचं यकृत असेल तर थोड्या वेळात रेषा आणखी खाली जाऊ लागते. पेशी जास्त ऋण होते. औषध धुऊन टाकलं की हळूहळू मूळ जागी येते. हे काम नीट मांडलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डेनिस हेलेट आणि डोनाल्ड जेनकिन्सन यांनी, १९६९ ते १९७२ या काळात. त्यांनी दाबाबरोबर पोटॅशियमची जा-ये आणि साखरेचं सुटणंही मोजलं. उत्तर असं निघालं की नॉरॲड्रेनॅलिनने पोटॅशियमची दारं उघडतात. अल्फा रिसेप्टर ब्लॉक करणारं फेंटोलामाइन आधी दिलं, तर अल्फाच्या वाटेने होणारा परिणाम होत नाही.

बेल आवरणाच्या बाहेर वाजते आणि पोटॅशियमचं दार तिसरीकडेच उघडतं. मधे काय होतं, हे समजायला आणखी दहा-पंधरा वर्षं गेली. अल्फा-१ रिसेप्टर आतल्या बाजूला एका जी प्रथिनाला जागं करतो. ते आवरणातल्याच एका एन्झाइमला कामाला लावतं. त्यातून आयपी-३ नावाचा छोटा रेणू सुटतो आणि पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या साठ्याची कुलपं उघडतो. कॅल्शियम पेशीत पसरतं आणि एकाच वेळी दोन कामं करतं. एक, ग्लायकोजेन फोडणाऱ्या एन्झाइमला चालना देतं, त्यातून साखर सुटते. दोन, आवरणातली कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियमची दारं उघडतं, त्यातून वीज बदलते. म्हणजे साखर सुटते म्हणून वीज बदलत नाही, आणि वीज बदलते म्हणून साखर सुटते असंही नाही. दोघी एकाच आईच्या लेकी.

ही दारं नेमकी कोणती, हे शोधायला मधमाशी उपयोगी पडली. मधमाशीच्या विषात अपॅमिन नावाचं १८ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं. ते कॅल्शियमने उघडणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या पोटॅशियम वाहिनीच्या तोंडात बूच बसवतं. गिनीपिगच्या यकृतावर अपॅमिन टाकलं की अल्फा रिसेप्टरमुळे होणारी पोटॅशियमची गळती थांबते. रिसेप्टरला ते शिवतही नाही. बेल वाजते, आत हालचाल होते, फक्त ते एक दार उघडत नाही. शिवाजीनगरला गणेशखिंड रस्त्यावरून जाताना केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेची पाटी दिसते तेव्हा मला दर वेळी अपॅमिन आठवतं. त्या संस्थेचं काम मधमाशीपालनाचं आहे, याच्याशी तिचा संबंध नाही. पण ज्या डंखाला आपण घाबरतो, त्याच्यातल्या एका रेणूने यकृताचं कुलूप ओळखून दिलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

कॅल्शियमबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हा भाग मला सगळ्यांत सुंदर वाटतो. १९८६ मध्ये कॉबोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृताच्या एकेका पेशीत इक्वोरिन भरलं. हे जेलीफिशमधून मिळणारं प्रथिन कॅल्शियम भेटलं की चमकतं. मग त्यांनी अल्फा रिसेप्टरवर काम करणारं फेनिलेफ्रिन दिलं. अपेक्षा अशी असते की औषध थोडं दिलं तर कॅल्शियम थोडं वाढेल, जास्त दिलं तर जास्त. तसं झालं नाही. कॅल्शियम उसळ्या मारत वाढलं. उसळी, शांतता, पुन्हा उसळी. औषधाची मात्रा वाढवली तर उसळीची उंची साधारण तेवढीच राहिली, उसळ्या मात्र लवकर लवकर येऊ लागल्या. कीर्तनात आर्तता वाढली की टाळ जोरात वाजण्याऐवजी जलद वाजायला लागतात, तसं. पेशी ॲड्रेनॅलिनचं प्रमाण लयीत मोजते. आणि ज्या पेशींत ती पोटॅशियमची दारं आहेत, तिथे वीजही या लयीबरोबर खालीवर होऊ शकते.

बीटाची वाट वेगळी. तिची गोष्ट तर यकृतातच सुरू झाली. अर्ल सदरलँड यांना शोधायचं होतं की ॲड्रेनॅलिन यकृतातून साखर कशी सोडवतं. १९५०च्या दशकात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताच्या अर्कात एक मधला रेणू सापडला, सायक्लिक एएमपी. बाहेरचा हार्मोन स्वतः आत जात नाही, आत एक दुसरा निरोप्या तयार होतो, ही कल्पना तिथून रुजली. १९७१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बीटा-२ रिसेप्टर वाजला की सायक्लिक एएमपी वाढतं, त्यातून ग्लायकोजेन फोडणारं तेच एन्झाइम जागं होतं. शिवाय सायक्लिक एएमपीमुळे आयपी-३ ची कुलपंही अधिक सहज उघडतात, म्हणजे बीटा अल्फाच्या कॅल्शियमला हातभार लावतो. दोन वाटा वेगळ्या निघतात, पण आत गेल्यावर त्यांची गाठ पडते.

इथे एक सावधगिरी, आणि माझ्या मते हीच या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वर मी गिनीपिग म्हटलं, मग उंदीर म्हटलं. ते सहज नाही. गिनीपिगच्या आणि सशाच्या यकृतपेशीत कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियमची दारं भरपूर असतात. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या पेशीत ती जवळजवळ नसतातच. त्याच्या पेशीला ॲड्रेनॅलिन दिलं तर कॅल्शियम वाढतं, साखरही सुटते, पण ती दारं नसल्यामुळे पोटॅशियम तसं धावत बाहेर पडत नाही. औषध तेच, रिसेप्टर त्याच घराण्यातला, पण विजेचा परिणाम वेगळा. इतकंच काय, एकाच जातीच्या उंदरांत वय आणि लिंगाप्रमाणे रिसेप्टरचा तोल बदलतो. प्रौढ नरात अल्फा-१ वरचढ, पिल्लांमध्ये बीटाचा वाटा मोठा. यकृताचा तुकडा काढून ते पुन्हा वाढू लागलं की बीटा परत डोकं वर काढतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी "हे औषध यकृताची पेशी ऋण करतं" असं लिहिलं की मी समासात लिहिते, "कुणाच्या यकृताची?"

ज्या पेशीत दारं उघडतात, तिथे पुढे काय घडतं? तीन गोष्टी. आतली ओढ वाढते, म्हणजे सोडियमबरोबर येणाऱ्या अमिनो आम्लांना आणि पित्तक्षारांना आत यायला जास्त जोर मिळतो. कोठार रिकामं होत असताना नवा कच्चा माल आत घ्यायची सोय. दुसरी, क्लोराइडची. यकृताच्या पेशीत क्लोराइड दाबाच्या मागे चालतं. उणे ३५ असताना आतलं क्लोराइड बाहेरच्या साधारण चौथा हिस्सा असतं. आत आणखी ऋण झालं की ऋण भाराचं क्लोराइड बाहेर ढकललं जातं. पोटॅशियम बाहेर, क्लोराइड बाहेर, मग त्यांच्या मागोमाग पाणीही बाहेर, आणि पेशी किंचित आक्रसते. जर्मनीतल्या डीटर हॉयसिंगर यांनी दाखवलं की यकृताच्या पेशीला स्वतःचं आकारमान कळतं आणि ती त्याप्रमाणे वागते. फुगली की साठवायला लागते, आक्रसली की फोडायला. म्हणजे आक्रसणंही ग्लायकोजेन फोडण्याच्या बाजूनेच झुकतं.

तिसरी गोष्ट पेशीपुरती राहत नाही, रक्तात दिसते. १९३४ मध्ये डीसिल्वा यांनी मांजरांना ॲड्रेनॅलिन टोचलं आणि रक्तातलं पोटॅशियम मोजलं. ते लगेच वाढलं. शोधत गेल्यावर कळलं की ते येतंय यकृतातून. पेशीत काचेचं टोक घालण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज आपण ओळखतो की ही वाढ अल्फाची. ती मिनिटा-दोन मिनिटांची असते. मग चित्र उलटतं. बीटा-२ रिसेप्टर स्नायूंमधला सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालवतो, रक्तातलं पोटॅशियम स्नायू पिऊन टाकतात आणि त्याची पातळी मूळच्याही खाली जाते. एकच औषध, पहिल्या मिनिटाला यकृतातून पोटॅशियम सोडतं आणि थोड्या वेळाने स्नायूंत भरतं.

याचा व्यवहारात उपयोग होतो. किडनी निकामी झालेल्या माणसाचं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं तर अतिदक्षता विभागात इतर उपायांबरोबर दम्याचं सॅल्ब्युटामोल नेब्युलायझरमधून देतात, १० ते २० मिलिग्रॅम, दम्याच्या नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. बीटा-२ वाजवून पोटॅशियम पेशींत ढकलायचं, एवढाच हेतू. त्याच वेळी यकृतातला बीटा-२ ही वाजतो, म्हणून रक्तातली साखर थोडी वर जाते. दम्याच्या पेशंटला वारंवार नेब्युलायझर दिला की नर्स पोटॅशियम आणि शुगर तपासायला सांगतात, ते याच कारणाने.

आता ब्लॉकर. त्यांच्याबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. लोकांना वाटतं, एक औषध वीज एकीकडे नेतं तर ब्लॉकर तिला उलटीकडे नेत असेल. सहसा तसं होत नाही. ब्लॉकर म्हणजे बेलच्या बटणावर चिकटवलेली पट्टी. कुणी बटण दाबायला आलंच नाही तर पट्टी असली काय नि नसली काय. पेशी शांत असताना अल्फाचा ब्लॉकर प्राझोसिन किंवा बीटाचा ब्लॉकर प्रोप्रॅनोलॉल टाकला तर पडद्यावरची रेषा जिथल्या तिथे राहते. आधी नॉरॲड्रेनॅलिन येऊ द्या, रेषा खाली जाऊ द्या, मग योग्य तो ब्लॉकर द्या, तेव्हा ती वर येते. ब्लॉकरचं काम दिसायला समोर निरोप असावा लागतो. आणि पट्टी योग्य बटणावर हवी. प्रोप्रॅनोलॉल बीटाचं आहे, अल्फाने उघडलेली दारं त्याने बंद होत नाहीत.

तर काकांची गोळी. सिरोसिसमध्ये यकृत कडक आणि गाठाळ होतं, आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतलं रक्त त्यातून सहज जात नाही. त्या शिरेतला दाब तुंबतो. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरेतल्या दाबाचा फरक निरोगी माणसात ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. तो १० झाला की जपायला लागतं, १२ च्या पुढे गेला की अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये दिदिए लब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोप्रॅनोलॉलने हा रक्तस्राव पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं. कसं? हृदयातला बीटा-१ दाबला की रक्त जरा कमी जोराने फेकलं जातं. आतड्यांच्या रक्तवाहिन्यांतला बीटा-२ दाबला की त्या आक्रसतात, कारण त्यांना सैल करणारा निरोप बंद झाला आणि आवळणारा अल्फाचा निरोप चालू राहिला. दोन्हींमुळे यकृताकडे येणारा लोंढा कमी होतो. यकृतात येणारं पाणीच कमी करायचं, असा हा उपाय. यकृताच्या पेशीतली वीज बदलण्यासाठी ही गोळी दिलेली नाही, तिचा फायदा त्यातून होतही नाही.

हे सगळं मी परवा काकांच्या घरी जाऊन सांगितलं, वहीवर चित्र काढून. काकूही ऐकत होत्या. धरणाचं उदाहरण त्यांना पटलं. मग काकूंनी विचारलं, "पण पेशीवरची ती बीटाची बेल बंद झाली तर यकृत साखर सोडणार कसं? यांना इन्सुलिन पण चालू आहे."

इतका नेमका प्रश्न मला वर्गातही क्वचित कुणी विचारलाय. इन्सुलिन जास्त झालं आणि साखर उतरली तर शरीर ती सावरायला ग्लुकागॉन आणि ॲड्रेनॅलिन सोडतं. ग्लुकागॉनचा रिसेप्टर वेगळा आहे, त्याच्यावर या गोळीचा परिणाम नाही, अल्फाची वाटही उघडी राहते. पण बीटा-२ ची वाट बंद झाल्यामुळे साखर सावरायला उशीर लागू शकतो, विशेषतः इन्सुलिनवर असलेल्या माणसात. त्याहून महत्त्वाचं, साखर उतरल्याची जी लक्षणं आपण ओळखतो, छातीत धडधड आणि हाताची थरथर, ती दोन्ही बीटामुळे होतात. गोळीने ती झाकली जातात. घाम मात्र झाकला जात नाही. घामाच्या ग्रंथींना जाणारा निरोप ॲसिटिलकोलीनचा असतो, ॲड्रेनॅलिनचा नाही, आणि प्रोप्रॅनोलॉलला त्याच्याशी देणंघेणं नाही. गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही, हेही सांगितलं, आणि इन्सुलिनची गोष्ट लिव्हरच्या डॉक्टरांच्या कानावर घाला म्हटलं. ती त्यांना आधी कुणी सांगितलीच नव्हती, दोन डॉक्टर वेगळे आणि दोन फायली वेगळ्या.

काकूंनी उठून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलं, "यांना अचानक घाम आला तर आधी शुगर बघायची." मग ग्लुकोमीटर कपाटातून काढून फ्रीजवर, समोर दिसेल असा ठेवला.